शेवटचा एक प्रश्न

सामना संपला की थोड्याच मिनिटांत ड्रेसिंग रूमचं दार पत्रकारांसाठी उघडतं. आत घामाची, ओल्या चामड्याची, चिकटपट्ट्यांची उग्र वाफ कोंडलेली असते. मधोमध गालिच्यावर संघाचं बोधचिन्ह असतं आणि त्यावर कुणी पाय ठेवायचा नाही, असा बऱ्याच संघांत दंडक आहे. नवख्या पत्रकाराला ते कुणीतरी हलकेच सांगावं लागतं. आज कोण बोलेल आणि कोण बोलणार नाही, हेही कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं. कॅमेऱ्यांच्या अर्धवर्तुळामागे, हातात फोन धरून, खेळाडूच्या चेहऱ्याकडे न पाहता फक्त त्याचे शब्द ऐकत ती उभी असते. पाच-सहा मिनिटांनी ती म्हणते, ‘शेवटचा एक प्रश्न’, आणि तो घोळका मोडतो. ती संघाची प्रसिद्धी अधिकारी. टीव्हीवर ती दिसत नाही. फार तर तिची बाही दिसते.

मला त्या बाहीविषयी लिहायचं आहे.

कॅनडात आल्यावर मी काही वर्षं एका कलासंस्थेत प्रसिद्धीचं काम केलं. दुसऱ्याच्या तोंडी शोभतील अशी वाक्यं लिहिणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग होता. बर्फावरच्या हॉकीची ओळख त्यामानाने उशिरा झाली. इथे हिवाळ्यातल्या शनिवारी रात्री घराघरांत ‘हॉकी नाइट इन कॅनडा’ लागतं, आणि 2008 पासून त्याचं पंजाबी समालोचनही सुरू झालं आहे. शेजारच्या पंजाबी घरात बसून, चहाचे पेले रिकामे करत, मी हा खेळ त्या समालोचनातून शिकले. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. एकेक खेळाडू जेमतेम पाऊण मिनिट बर्फावर असतो, छाती फुटेस्तोवर धावतो आणि कठड्यावरून उडी मारून बाकावर येऊन बसतो. उसळू नये म्हणून गोठवून ठेवलेली रबराची काळी चकती. एका मोसमात ऐंशीहून अधिक सामने, त्यांतले निम्मे परगावी. रात्री सामना, मध्यरात्री विमान, पहाटे दुसऱ्या शहरातलं हॉटेल. आणि या सगळ्या प्रवासात खेळाडूंबरोबर असलेली मोजकी बिनखेळाडू माणसं, त्यांत ती.

या खेळाभोवती गेल्या दहा वर्षांत प्रेमकादंबऱ्यांचा केवढा तरी मोठा पसारा उभा राहिला आहे. एल केनेडी या कॅनडियन लेखिकेची ‘द डील’ 2015 सालची, हॅना ग्रेसची ‘आइसब्रेकर’ 2022 सालची. त्यांच्या आगेमागे इतक्या निघाल्या की दुकानांत त्यांची वेगळी मांडणी लागते. निषिद्ध प्रेमाचे तिथले प्रकार वाचकांना पाठ आहेत: प्रशिक्षकाची मुलगी, जिवलग मित्राची बहीण, विरुद्ध संघातला वैरी, आणि खेळाडू व त्याची प्रसिद्धी सांभाळणारी बाई. हा शेवटचा प्रकार मी सगळ्यांत आवडीने वाचते. बाकीच्यांत बंदी बाहेरून आलेली असते. बाप नको म्हणतो, मित्र रागावतो, चाहते खवळतात. इथे बंदी कामाच्या आतच आहे. त्या दोघांचं एकमेकांशी असलेलं कामच असं आहे, की त्यात प्रेम शिरलं तर ते काम तसं राहू शकत नाही.

कारण तिचं काम त्याच्या शब्दांशी आहे. हॉकीत स्वतःबद्दल बोलायचं नाही, हा लहानपणापासूनचा संस्कार. तीन गोल केलेला पोरगासुद्धा सांगतो की सोबत्यांनी चकती छान दिली, गोलरक्षकाने सामना वाचवला, आता पुढच्या सामन्याचा विचार करायचा. हे विनयाचं कवच खेळाडू लेवून येतात आणि प्रसिद्धी अधिकारी ते घासूनपुसून चकचकीत ठेवतात. पराभवानंतर कोणता शब्द टाळायचा, पंचांविषयी कुठे थांबायचं, कराराचा विषय निघाला तर कुठल्या वाक्याने तो बंद करायचा, हे ती त्याला सांगते. अशी दोन-तीन वर्षं गेली की त्याची जाहीर वाक्यं तिला त्याच्याआधी ऐकू येऊ लागतात. मग एखाद्या रात्री, बसमध्ये किंवा हॉटेलच्या लॉबीत, तो तिने न शिकवलेलं काहीतरी बोलतो. गावाकडच्या गोठलेल्या तळ्याविषयी, वडिलांच्या भीतीविषयी, गुडघ्याविषयी. माझ्या समजुतीप्रमाणे या जोडीचं प्रेम तिथे सुरू होतं. कादंबऱ्या ते लिफ्टमध्ये अडकल्यावर किंवा हॉटेलात एकच खोली शिल्लक राहिल्यावर सुरू करतात, आणि ती प्रकरणंही मला आवडतात. पण दिवसभर एखाद्याची वाक्यं लिहिणाऱ्या बाईला त्याचं एक न लिहिलेलं वाक्य मिळणं, ही जवळीक मला अंगावर रोमांच आणणारी वाटते.

दुखापतींचंच घ्या. नॅशनल हॉकी लीगमध्ये खेळाडूला नेमकं काय झालं हे संघ सहसा सांगत नाहीत. शरीराच्या वरच्या भागाला दुखापत, खालच्या भागाला दुखापत, एवढंच निवेदन निघतं. नाहीतर समोरचा संघ नेमका तिथेच घाव घालील. यात मनगट, खांदा, बरगडी, डोकं सगळं ‘वरचा भाग’. 1964 च्या अंतिम फेरीत टोरंटोच्या बॉब बॉनने पायाचं हाड मोडलेलं असताना जादा वेळेत विजयी गोल केला, ही इथल्या मुलांना सांगितली जाणारी गोष्ट आहे. 2013 च्या अंतिम फेरीत बोस्टनचा पॅट्रिस बर्जरॉन शेवटचा सामना खेळला. सामना हरल्यावर कळलं की बरगडी मोडलेली होती, कूर्चा फाटलेली होती, खांदा निखळलेला होता. फुप्फुसालाही छिद्र पडलं होतं आणि तो थेट इस्पितळात गेला. अशा मोघम निवेदनामागे कुणीतरी कीबोर्डवर बसलेलं असतं. त्या व्यक्तीला खरी बरगडी कोणती ते माहीत असतं, आणि तिने ‘वरचा भाग’ असं टाइप करायचं असतं. ते दुखणं ज्याचं आहे त्याच्यावर तिचा जीव असेल, तर ते दोन शब्द टाइप करताना तिला काय होत असेल? खोटं ती लिहीत नाही. खरंही लिहीत नाही. आणि संध्याकाळी तो बर्फावर उतरताना ती प्रेक्षागृहाच्या वरच्या टोकाला, पत्रकारांच्या ओळीत, चेहऱ्यावरची रेषा हलू न देता बसते.

मी मूळची खडकीची. तिथे दारूगोळा कारखान्याच्या वसाहतींतून मातीच्या मैदानांवर हॉकी चालायची, आणि धनराज पिल्ले आमच्यासाठी आमच्या गल्लीतला माणूस होता. त्याच्याजवळ शब्द घासूनपुसून देणारं कुणी नव्हतं. 1998 च्या डिसेंबरात बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्ण जिंकलं आणि लगेच तो व आणखी सहा ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर गेले. अधिकृत कारण दिलं होतं विश्रांतीचं. सोयी आणि मानधन यांविषयी तोंड उघडल्याची ती शिक्षा, असं त्या वेळी सगळीकडे मानलं गेलं. अधिकृत निवेदन म्हणजे काय वस्तू असते, हे मला शाळा-कॉलेजच्या वयात कळलं ते तिथे. एक सभ्य शब्द पुढे ठेवायचा आणि खरं कारण त्याच्या पाठीमागे उभं करायचं. पुढे मी तोच व्यवसाय पत्करला, आणि तो प्रामाणिकपणेही करता येतो असं मी आजही मानते.

पण प्रेमाच्या बाबतीत निवेदन काय करू शकतं, हे पाहायचं तर एडमंटनला जावं लागेल.

1988 चा उन्हाळा. वेन ग्रेट्झ्की सत्तावीस वर्षांचा, एडमंटन ऑइलर्स या त्याच्या संघाने पाच वर्षांत चार वेळा स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकलेलं, आणि कॅनडाने त्याला डोक्यावर घेतलेलं. 16 जुलैला एडमंटनच्या सेंट जोसेफ बॅसिलिकामध्ये त्याचं अमेरिकन अभिनेत्री जॅनेट जोन्सशी लग्न झालं. या देशाने ते लग्न राजघराण्यातलं असल्यासारखं साजरं केलं. चारच आठवडे उलटले नाहीत, तोच 9 ऑगस्टला बातमी आली की ग्रेट्झ्की लॉस एंजेलिस किंग्सला दिला. सोबत दोन खेळाडू गेले. बदल्यात दोन खेळाडू, नव्या खेळाडूंच्या निवडीतले पहिल्या फेरीचे तीन हक्क आणि दीड कोटी डॉलर आले. पत्रकार परिषदेत ग्रेट्झ्की बोलता बोलता रडला, आणि ते दृश्य इथल्या माणसांना अजून आठवतं. तिथे सांगितलेलं कारण असं होतं, की स्वतःच्या, नव्या बायकोच्या आणि येणाऱ्या बाळाच्या भल्यासाठी हा निर्णय त्याने घेतला आहे.

झालं. खापर फोडायला डोकं सापडलं. जॅनेटने त्याला हॉलिवूडला ओढून नेलं, तिला एडमंटनची थंडी सोसवत नाही, तिच्या नटीपणापायी देशाचा खेळाडू गेला. बीटल्स फोडल्याचा ठपका जिच्यावर ठेवला गेला त्या योको ओनोशी तिची तुलना झाली, जणू तिनेही एक अख्खा संघ फोडला होता. संसदेत एका खासदाराने सरकारने हा व्यवहार रोखावा अशी मागणीही केली. ऑइलर्सचे मालक पीटर पॉकलिंग्टन यांना पैशांची निकड होती आणि लॉस एंजेलिसशी बोलणी आधीपासून चालू होती, हे हळूहळू बाहेर आलं. लोकांनी पॉकलिंग्टनचा पुतळाही जाळला. तरी जॅनेटला लागलेला बोल काही पुसला गेला नाही. पोटात बाळ घेऊन ती नव्या शहरात गेली, आणि तिच्या मागे एक देश तिच्यावर रुसून बसला होता.

मी ती गोष्ट वाचते तेव्हा माझं लक्ष त्या निवेदनावर खिळतं. ते कुणी रचलं असेल याच्याशी मला कर्तव्य नाही. मला दिसतं ते एवढंच, की व्यवहाराची गोष्ट सांगायची होती आणि त्यात प्रेमाला कारण म्हणून उभं केलं गेलं. लोकांना प्रेम चटकन समजतं. मालकाची कर्जं समजायला वेळ लागतो. आणि प्रेम कारण ठरलं की बोट ठेवायला बाई आयतीच सापडते. जॅनेट जोन्स तर प्रसिद्ध होती, श्रीमंत होती, स्वतःच्या नावाने उभी होती. संघाच्या पगारावर काम करणारी, टीव्हीवर फक्त बाही दिसणारी बाई तिच्या जागी असती तर काय झालं असतं, हा विचार मनातून जात नाही.

म्हणून खेळाडू आणि प्रसिद्धी अधिकारी या जोडीवरची बंदी मला जुनाट किंवा निष्ठुर वाटत नाही. तिच्यामागे खरा पेच आहे. प्रसिद्धी अधिकाऱ्याला पगार संघ देतो, खेळाडू देत नाही. दरवर्षी मार्चच्या सुमाराला खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. त्या आधीच्या दिवसांत संघाच्या कचेरीत कुजबुज असते, फोन वाजत असतात. करारात नकाराधिकार नसेल तर खेळाडूला कुणी विचारत नाही. दुपारी फोन येतो आणि रात्रीपर्यंत त्याने दुसऱ्या शहराचं विमान पकडायचं असतं. भाड्याचं घर, कुत्रा, वाण्याकडची उधारी सगळं मागे टाकून. आणि बातमी जाहीर व्हायच्या आत निवेदनाचा मसुदा कुणाला तरी तयार ठेवावा लागतो. आता कल्पना करा, की तो मसुदा तिच्या पडद्यावर आहे. त्याचं नाव, नव्या शहराचं नाव, त्याच्या योगदानाबद्दल आभाराची दोन वाक्यं. तो खालच्या मजल्यावर सराव करतो आहे. सांगितलं तर नोकरीशी बेइमानी, न सांगितलं तर त्याच्याशी. जगातले सगळे नियम मोडून एकत्र येणाऱ्या प्रेमिकांच्या गोष्टी मी वाचल्या आहेत, पण या एका तासाइतका कठीण तास मला त्यांत क्वचित सापडला. कादंबऱ्या या तासाजवळून बहुतेक वेळा घाईने निघून जातात. तिथेच थांबायला हवं.

आणि संघाच्या भिंतींआड काय काय दडपलं जाऊ शकतं, याचा दाखला याच खेळात आहे. 2010 साली शिकागो ब्लॅकहॉक्स स्टॅन्ली कपच्या दारात होते. काइल बीच या तरुण खेळाडूने संघाच्या एका प्रशिक्षकाने केलेल्या लैंगिक अत्याचाराची तक्रार पोहोचवली होती. वरिष्ठांनी ती कप जिंकेपर्यंत बाजूला ठेवली. 2021 मध्ये चौकशी अहवाल आला, बीच स्वतःच्या नावानिशी पुढे आला, संघाला वीस लाख डॉलर दंड झाला आणि बड्या लोकांना पदं सोडावी लागली. ती अत्याचाराची गोष्ट होती, तिला प्रेमाच्या शेजारी बसवणं पाप होईल. तिचा उल्लेख एवढ्यासाठीच, की बंद दारामागच्या जगात ‘आमचं आपसातलं आहे’ हे शब्द फार जपून ऐकावे लागतात. कोण कोणाच्या हाताखाली आहे, कोणाला नाही म्हणण्याची मुभा आहे, हे बाहेरच्या कुणीतरी विचारायलाच हवं. अळीमिळी गुपचिळी ज्या घरात मुरली आहे, तिथे नियम ही एकच खिडकी असते.

मग खेळाडू आणि त्याची प्रसिद्धी अधिकारी, या दोघांत ताकद कोणाची? वाचताना पारडं सारखं हलतं. त्याच्या एका मोसमाच्या मानधनाइतके पैसे तिला आयुष्यभरात मिळणार नाहीत. त्याला प्रेक्षागृहात अठरा हजार लोक नावाने हाक मारतात. पण त्याची प्रतिमा तिच्या हातात आहे. त्याच्या घटस्फोटाची, त्याच्या दारूची, त्याच्या मारामारीची गोष्ट कशी सांगायची हे तिला माहीत आहे. रोजच्या कामात ती त्याला आज्ञा करते आणि तो ऐकतो. माझं मत असं, की या हिशेबाचा निकाल रोजच्या दिवसांत लागत नाही. नातं उघडकीला येतं त्या दिवशी लागतो. त्या दिवशी तो पुढचा सामना खेळतो. फार तर चाहते टाळ्या वाजवतात, शिट्ट्या मारतात, सोबती चेष्टा करतात. तिला मात्र एका बंद खोलीत बोलावलं जातं. त्याला बदलणं महाग आहे, तिला बदलणं स्वस्त.

माझ्या या व्यवसायातल्या एका मैत्रिणीचं असंच झालं. खेळ वेगळा होता, शहर वेगळं होतं. त्यांचं प्रेम खरं होतं, आजही त्यांचा संसार आहे. पण सगळ्यांना बरं पडावं म्हणून नोकरी तिने सोडली, आणि एका पार्टीत लोकांनी त्याचं अभिनंदन केलं. मी त्या पार्टीत तिच्या शेजारी उभी होते. ती हसत होती. पुढे तिने त्या क्षेत्रात पुन्हा काम मागितलं तेव्हा प्रत्येक मुलाखतीत तिच्या कामाआधी तिच्या नवऱ्याचा विषय निघायचा. तिच्याइतकी चोख बातमी लिहिणारी बाई मी पाहिली नाही. मला तिच्यासाठी आजही वाईट वाटतं आणि रागही येतो.

संघांनाही हे प्रेम हवं असतं, पण पुस्तकातलं. 2023 साली सिएटल क्राकन संघाच्या समाजमाध्यमांनी हॉकी-कादंबऱ्यांच्या वाचकांना आपलंसं केलं होतं. हळूहळू एका खऱ्या खेळाडूविषयी, अलेक्झांडर वेनबर्गविषयी, अश्लील शेरे वाढले. त्याच्या पत्नीने जाहीरपणे हरकत घेतली तेव्हा संघाने तो मजकूर काढला. काल्पनिक नायकावर जीव लावणं वेगळं आणि कामावर आलेल्या माणसाच्या अंगावर ते ओतणं वेगळं. तो माणूस खेळत असताना ते शेरे वाचणारी आणि ते पुसायचे की वाढू द्यायचे हे ठरवणारी एखादी प्रसिद्धी अधिकारी त्या कचेरीतही असेलच.

या सगळ्यातून उजेडाकडे पाहायचं तर मी बायकांच्या हॉकीकडे पाहते. ज्युली चू अमेरिकेची, कॅरोलिन वेलेट कॅनडाची. ऑलिंपिकच्या सुवर्णपदकासाठी त्या पुन्हा पुन्हा एकमेकींसमोर उभ्या राहिल्या, आणि दर वेळी वेलेटच्या संघाने बाजी मारली. त्यांच्या नात्याची बातमी जगाला लागली ती 2017 मध्ये, त्यांना मुलगी झाली तेव्हा. पुढे दोघींनी मॉन्ट्रियलमध्ये एकाच विद्यापीठाच्या संघाला शिकवलं. 2024 च्या जानेवारीत बायकांची नवी व्यावसायिक लीग सुरू झाली. तिथे मॉन्ट्रियल संघाची कर्णधार मारी-फिलिप पूलँ आणि तिची सोबतीण लॉरा स्टेसी एकाच बाकावर बसतात. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचं लग्न झालं. एकाच संघात, एकाच पगारपत्रकावर, एक कर्णधार आणि एक खेळाडू. कुणी कुणाला लपवलेलं नाही. एक गोल करते आणि दुसरी धावत येऊन तिला मिठी मारते, तेव्हा समालोचक सहज सांगून जातो की या दोघी जोडीदार आहेत. शनिवारच्या त्या पंजाबी घरातली आजी मला एकदा म्हणाली, ‘चंगी जोडी ऐ.’ एवढंच.

पुरुषांच्या लीगमध्ये अजून असं नाही. 2021 च्या जुलैत नॅशव्हिल संघाने निवडलेल्या ल्यूक प्रोकॉप या एकोणीस वर्षांच्या खेळाडूने आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं. पण त्या लीगच्या बर्फावर खेळत असताना असं सांगणारा खेळाडू मला अजून पाहायला मिळालेला नाही. रेचल रीड या नोव्हा स्कोशियाच्या लेखिकेची ‘हीटेड रायव्हलरी’ 2019 सालची, दोन वैरी संघांतल्या दोन खेळाडूंच्या लपवलेल्या प्रेमाची. 2025 च्या नोव्हेंबरात त्यावरची मालिका कॅनडात आली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. एवढी माणसं एका चोरट्या प्रेमासाठी का रडली, याचं उत्तर त्या खऱ्या ड्रेसिंग रूमच्या गप्प राहण्यात आहे असं मला वाटतं.

आता माझ्या त्या बाहीकडे. माझ्या मनात या जोडीचं एक प्रकरण आहे, जे मला अजून कुठल्या कादंबरीत वाचायला मिळालं नाही. त्यात पावसात चुंबन नाही, भर मैदानात कबुली नाही. मोसमाच्या मधला एखादा मंगळवार आहे. कुणालाही कुणकुण लागलेली नाही, छायाचित्र फुटलेलं नाही. तो सरावानंतर आंघोळ करून, ओल्या केसांनी, वरच्या मजल्यावर जातो. तिथल्या मनुष्यबळ विभागाच्या दारावर टकटक करतो आणि खुर्ची ओढून बसतो. त्याला बोलायला शिकवलेलं आहे, पण यासाठी कुणी वाक्य लिहून दिलेलं नाही, म्हणून तो अडखळतो. तो सांगतो की सुरुवात त्याने केली, की हे नातं दोघांना हवं आहे, की त्याच्या बातम्या यापुढे दुसऱ्या कुणीतरी लिहाव्यात आणि त्याच्या बदलीची चर्चा तिच्या कानावर येऊ नये. तिची खुर्ची, तिचा हुद्दा, तिचा पगार तसाच राहावा. कुणाला हलवायचंच असेल तर आपल्या करारातली नकाराधिकाराची अट आपण सोडायला तयार आहोत, असं तो सांगतो आणि त्याच्या एजंटाला हे ऐकून भोवळ येणार हे त्याला माहीत असतं. समोरची बाई वहीत टिपून घेत असते. ती विचारते, हे तुम्ही तिच्याशी बोललात का? तो म्हणतो, काल रात्री. तीही बाहेर उभी आहे, तिला स्वतःचं स्वतः सांगायचं आहे, तिला आत बोलवा.